नावापुढची चौकट

देवासच्या मराठी मंडळासाठी मी सभासदांचा ऑनलाइन फॉर्म बनवत होतो. चौकटीत लिहिलेलं शेजारच्या ओळखपत्रावर लगेच उमटायला हवं होतं. धारच्या बसमध्ये ते एकदाचं जमलं. शेजारी नर्मदाकाठच्या निसरपूरकडचे एक मराठी काका होते. "जरा भरून बघता?" म्हणत मी लॅपटॉप पुढे केला. प्रत्येक अक्षराआधी बोट सदऱ्याला पुसत त्यांनी 'नाव'पुढे काहीतरी लिहिलं. ओळखपत्रावर झळकलं: 'श्री. दोन, एक गळते'.

मला हसू आवरेना.

"घरी मराठी बोलतो हो भिया, पण फॉर्म तर हिंदीतच भरले ना! मला वाटलं, होडी विचारताय."

मी चटकन 'संपूर्ण नाव' असं केलं.

"संपूर्ण म्हणाल तर एकच," काका मिशीत हसले आणि उतरून गेले.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच.