तीन दाती ड्रिल

मी बॅटरीवर चालणारं ड्रिल मागवलं. त्यात बॅटरी नव्हती. मोबाइलवर ते सगळ्यांत स्वस्त दिसलं, आणि खाली लिहिलेलं ‘फक्त बॉडी’ वाचायची मला गरज वाटली नाही. वर मुलीच्या बारशाचा पाळणा मी स्वतः करणार, असं सासुरवाडीत ऐटीत सांगून बसलो होतो. बारसं चार दिवसांवर. फळ्या कापून तयार, भोक एकही नाही.

अशात मुखेडहून मामा आले. मामा हेडी, उभं आयुष्य बैलबाजारात सौदे जुळवण्यात गेलेलं. कुठलीही वस्तू दात पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. आमच्या नव्या फ्रिजच्या तोंडातही ते डोकं घालून आले होते.

“चला भाचेराव,” ते म्हणाले, “लातुरात दुकानं लई हायेत.”

दुकानात त्यांनी सगळ्यांत स्वस्त ड्रिल उचललं, पुढचा चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, फिरवून उघडला आणि आत बोट घातलं. “तीन दाती हाय,” ते गंभीरपणे म्हणाले. मग हात लांब करून ते धरून उभेच राहिले.

“काका, काय करायलात?” दुकानदारानं विचारलं.

“वजन पाहायलोय. दिवसभर ह्याला आमालाच वागवायचं हाय. आता जुंपून दाखवा.”

मामांच्या पिशवीतून बाभळीचा तुकडा निघाला. ड्रिल अर्ध्या भोकात घुरघुरलं आणि थांबलं. “बसलं,” मामा म्हणाले. बसलेल्या जनावराकडे ते पुन्हा पाहत नसत. दुसरं जरा महाग, पण हलकं. बाभळीतून आरपार गेलं. सोबत दोन बॅटऱ्या. मामांची कळी खुलली. “एक राबल, तवर एक चरल.”

भाव मात्र तोंडानं बोलायचा नाही. मामांनी खांद्यावरचा रुमाल, त्यांची दस्ती, बैलबाजारातल्यासारखी दुकानदाराच्या हातावर टाकली. तो घाबरला. पण गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या वडिलांचे डोळे चमकले. लेकाला बाजूला सारून त्यांनी आपला हात दस्तीखाली घातला. दोन म्हातारे एकमेकांकडे न पाहता बोटं दाबू लागले. जितकं दाबाल तितकी बोली. बराच वेळ झाला. मामा अडले असावेत असं वाटून, मदत म्हणून, मीही हात आत घातला आणि सापडलं ते बोट जोरात दाबलं.

म्हाताऱ्यानं तत्काळ दस्ती झटकली. “झाला सौदा.”

मामांनी घटकाभर खपून खाली आणलेला भाव मी एका दाबात वर नेऊन ठेवला होता.

पाळणा झाला. किंचित डावीकडे कलतो, पण मुलगी त्यात झोपली.

मामा आता नाहीत. ड्रिल अजून बसलेलं नाही. मी ते हातात घेतलं की बायको हसते, कारण बारसं उरकून एसटीला निघताना मामा तिला म्हणाले होते, “ड्रिल बेस हाय, सूनबाई. दात पाहून घेतलंय. ह्याला तेवढं तू काहीच न बघता घेतलं.”