काळीज मागितलं, दिल पाहिजे होतं

दोन हजार तेवीस साल. दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडली होती. सायखेड्याजवळच्या शाळेत मी शिपाई. प्रयोगशाळा माझ्याकडे. साप निघाला तरी मलाच बोलावतात. प्रयोगशाळेत धूळ साचते, तसे किस्सेही साचतात. धूळ मी रोज पुसतो.

त्या वर्षी नाशकाहून विज्ञानाच्या नव्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "मामा, मुलांना चित्र नको, खरं दाखवू. मासा आणा. एकदम ताजा!"

आणला. मॅडमनी कात्री लावली, तोच माशानं शेपटी आपटली! डॉक्टर होणार म्हणून सांगणारा पोरगा थेट खिडकीत चढला.

"मामा, हा जिवंत आहे!"

"ताजा म्हणाला होतात."

*

मग बकऱ्याची फुफ्फुसं. मॅडमनी नळी घालून फुंकलं. फुगली की उशीएवढी! पोरं किंचाळली. हेडसर धावत आले आणि दारातच थिजले.

त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही. डब्यात मेथी होती.

*

नंतर मॅडम म्हणाल्या, "उद्या बोकडाचं काळीज आणा." खाटकाकडे तेच मागितलं. त्यानं दिलं ते आणलं.

मॅडमनी ते वर्गासमोर उचललं. "यात चार कप्पे कुठे आहेत? मामा, हे लिव्हर आहे! एवढंही कळत नाही?"

वर्ग हसला. मी चौथी शिकलेला. तीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं.

खाटकाची मुलगी सना त्याच वर्गात. ती उठली. "मॅडम, मामांचं बरोबर आहे. दुकानात काळीज म्हणजे हेच. तुम्हाला पाहिजे त्याला आम्ही दिल म्हणतो."

हसू थांबलं. मॅडमनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली.

पोरीचं देणं माझ्यावर राहिलं.

*

शेवटी बकऱ्याचा डोळा. "कोण कापणार?"

सना पुढं आली.

"तिला काय, खाटकाची पोरगी हाय!" मागून आवाज आला.

"मग? घाबरायला मी काय तुझ्यासारखी आहे?"

डोळा ट्रेमधून तिच्याकडं बघत होता. तिनं ब्लेड टेकवलं. काळं पाणी उडालं.

सनाचे ओठ पांढरे पडले. तिनं टेबल घट्ट धरलं, तरी ती हलत होती. पोरं माना उंच करायला लागली.

मी हातातली बादली सोडली आणि धाडकन आडवा झालो.

"मामांना चक्कर आली!" सगळे माझ्याकडं धावले. हसून हसून वर्ग लोळला. गर्दीच्या पायांतून मला दिसलं, सना भिंतीला टेकून बसली होती. पाणी पीत होती.

मॅडम वहीनं वारा घालत होत्या. "मामा, तुम्ही? साप धरणारे तुम्ही, डोळ्याला घाबरलात?"

"हो," मी म्हणालो.