रेकॉर्डवरचं कुंकू

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून एक बंगला आहे. तिथे दर रविवारी सकाळी सात-आठ निवृत्त पुरुष जमतात आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी फार पूर्वी गायलेली गाणी ऐकतात. ब्लूज आणि जॅझ. ऐकतात म्हणजे डोळे मिटून माना डोलावतात, आणि गाणं संपलं की कोणी काही बोलायच्या आधी एकमेकांकडे बघून घेतात. बंगल्याचे मालक कुठल्याशा कारखान्यात मोठे साहेब होते. आता हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत म्हणून ते रेकॉर्ड गोळा करतात. त्यातही रीमास्टर केलेल्या. म्हणजे काय, तर जुनी खरखरणारी तबकडी शोधायची, तिचा आवाज संगणकावर उतरवायचा, त्यातली खरखर वेचून काढायची आणि उरलेला गुळगुळीत आवाज जाडजूड नव्या व्हिनाइलवर चढवून कापडी खोक्यात घालून विकायचा. खोक्यात एक पुस्तिकाही असते. त्यात गाणारी बाई कशी गरिबीत मेली ते चकचकीत कागदावर छापलेलं असतं.

हे लोक माझ्या डोक्यात जातात. मी ते कधी लपवलेलं नाही. तरी इतके दिवस मी त्यांना नुसती हसत होते. मग त्यांच्या हातात आमच्या घरची रेकॉर्ड गेली.

माझ्या वडिलांचं नाशिकातच द्वारका चौकाजवळ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे आम्ही. रेडिओ, पंखे, इस्त्र्या, मिक्सर, जे बंद पडेल ते. देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मडमेचा चावीचा ग्रामोफोन ते दर पावसाळ्यानंतर दुरुस्त करून द्यायचे. ती कायमची विलायतेला निघाली तेव्हा ग्रामोफोन आणि चौदा तबकड्या त्यांच्याकडे ठेवून गेली. लाखेच्या, जड, पडल्या तर कपबशीसारख्या फुटणाऱ्या. चौदातल्या तेरा कंटाळवाण्या होत्या. चौदावी एका बाईची होती. नुसता पियानो आणि ती. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. आठवीत असताना त्यांनी मला कानाशी बसवून अर्थ विचारला आणि मला चार शब्दांपलीकडे काही कळेना, तेव्हा म्हणाले, "राहू दे. कोणावर तरी चिडलीये, एवढं कळतंय ना? बास." आम्ही तिला 'बाईचं गाणं' म्हणायचो.

आई दिंडोरीकडची. खंडेनवमीला ती दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडायची. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, डाग द्यायचं सोल्डरिंग, मीटर, सगळं पाटावर धुऊनपुसून ओळीनं. ग्रामोफोन जागेवरच असायचा, त्याच्या भोंग्याला झेंडूची माळ. आणि त्याच्यावर जी तबकडी असेल तिला हळदीकुंकू. ती बहुतेक वेळा हीच असायची. वडील दरवर्षी बजावायचे, "अगं, मधल्या कागदावर लाव, रेघांवर नको." एका वर्षी आईनं बोट तेलात बुडवून कुंकवात घातलं आणि सरळ रेघांवर टेकवलं. वडील ओरडले. आई म्हणाली, "देवाला काय ठावं, कागद कुठला न् रेघा कुठल्या? लावलं ते लावलं. आता पुसायचं नाय."

आणि वडिलांनी खरंच पुसलं नाही. आईनं पूजेत लावलेलं कुंकू हातानं पुसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. हा मनुष्य एरवी देवळातही बाहेर चपलांजवळ उभा राहायचा. कुंकू वाळून कडक झालं. सुई तिथे आली की ठेचकाळायची, आणि ठेचकाळून ठेचकाळून तिनं तिथे खड्डा पाडला. बोटभर ठिपका, त्यामुळे गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर जवळजवळ अर्धं मिनिट, तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक. टक. टक. पियानोच्या ठेक्याशी तिचं काही देणंघेणं नाही. बाई तिच्या तालात, टक तिच्या तालात. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा असलेल्या दादाला तिचं कारण माहीत होतं. मी लहान होते, मला कितीतरी वर्षं वाटायचं की ते वाद्यच आहे, बाईच्या शेजारी बसून कोणीतरी लाकडावर वाजवतंय.

आईचा आवाज आमच्याकडे कशातही भरलेला नाही. फोटो दोन, त्यातल्या एकात ती हललेली. मी लग्न करून मालेगावला गेले, आणि तीन वर्षांनी आई गेली. मी नाशिकला आले की तबकडी बघायची. लाल ठिपका काळपट झाला होता, पण होता. नीट बघितलं तर त्यात तिच्या बोटाच्या रेषा दिसतात असं मला वाटायचं. तिच्या हातची एवढी एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती वाजत होती. वडील गेल्यावर मी दादाला म्हटलं होतं, घर तू घे, दुकान तू घे, फक्त ती तबकडी कधी द्यायची झाली तर मला दे. तो हो म्हणाला होता.

पुढे आम्ही नाशिकला राहायला आलो, आणि गेल्या वर्षी मला बंगलेवाल्या साहेबांचा मेसेज आला. आमंत्रण. आपल्या वडिलांच्या संग्रहातल्या दुर्मीळ ध्वनिमुद्रणाचा रीमास्टर होऊन परदेशी संचात समावेश झाला आहे, जगात दुसरी प्रत ठाऊक नाही, पहिल्या श्रवणाला कुटुंबीयांनी अगत्य यावं. वडिलांचा संग्रह म्हणे. फळीवरचं एक खोकं होतं ते. मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, त्यांनी मागितली, मी दिली. परत मिळणार आहे. तू ये तर खरी रविवारी." मला विचारावंसं वाटलं नाही का तुला, म्हटलं, तर म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गेले मी. खरं सांगायचं तर मला टक ऐकायची होती. म्हटलं, एवढ्या मोठ्या यंत्रावर आईची टक कशी वाजते ते बघू. या लोकांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर ती वाजू दे.

सकाळी अकराला तिथे दिंडोरीच्या वाइनच्या बाटल्या उघडलेल्या. चीजचे तुकडे, त्यात खोचलेल्या काड्या. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, लाकडी हातांच्या खुर्चीत. त्याला 'सर' म्हणत होते आणि त्याला ते आवडत होतं. मला कोणीतरी कोपऱ्यात जागा दिली. साहेबांनी पांढरे हातमोजे घालून नवी व्हिनाइल खोक्यातून काढली. माझे वडील ती जुनी तबकडी शर्टाच्या बाहीनं पुसायचे, कुंकवाची जागा सोडून.

बाई गायला लागली. ती माझ्या ओळखीची बाई नव्हती. आमची बाई भिंतीपलीकडून भांडल्यासारखी गायची. ही समोर सोफ्यावर बसून गात होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आता टक येणार.

काही नाही. पियानो, बाई, आणि मधली स्वच्छ पुसलेली शांतता. अर्धं मिनिट आजूबाजूला माना डोलत होत्या. दादाकडे बघितलं तर तोही रसिक झालेला. डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोट आपटत होता, तेही सगळं बेताल. गाणं कुठे, याचं बोट कुठे. मला त्याची किळस आली. पुढचं कडवं सुरू झालं तसं त्याचं बोट थांबलं, कंटाळला असावा.

टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि विचारलं, "टक कुठे गेली?"

"क्लिक म्हणताय का ताई?" साहेब खूश झाले. "ती काढली ना. तेवढ्या अर्ध्या मिनिटापायी मुंबईच्या आमच्या माणसाचा आठवडा गेला." त्यांनी पुस्तिका उघडून माझ्यापुढे धरली. त्यात इंग्रजीत छापलं होतं की आधीच्या मालकांच्या निष्काळजीपणामुळे मूळ तबकडीची फार हानी झाली होती.

"आधीचे मालक म्हणजे माझे आईबाप," मी म्हटलं. "आणि हानी म्हणजे माझ्या आईचं कुंकू. तुम्ही लोकांनी ते पुसलंत. तुम्हाला ती घाण वाटली. या बाईला जिवंतपणी कोणी दारात उभं केलं नसेल, आणि तुम्ही तिला अंघोळ घालून सोफ्यावर बसवलंत आणि वर चीज खाताय."

एकजण हसला, मग हसायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "ताई, गैरसमज होतोय. कुंकू वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे तबकडी आली तेव्हा स्वच्छ होती. तिथे नुसता खड्डा होता."

त्यांनी आतून तबकडी आणून दाखवली. काळी कुळकुळीत. मी दादाकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

आम्ही दोघं रिक्षानं दुकानाकडे निघालो. तबकडी माझ्या मांडीवर होती. दुकानाचं शटर वर करून आत गेल्यावर त्यानं मला वडिलांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि स्वतः टेबलापलीकडे स्टुलावर बसला. म्हणाला, "मी धुतली. त्यांना द्यायच्या आधी. नळाखाली, अंगाच्या साबणानं."

"आईचं कुंकू पुसलंस तू?"

"हो."

"लाज नाही वाटली? त्या मोजेवाल्यांसमोर शोभा नको म्हणून?"

"त्यांचा काय संबंध!" तो पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. "तू सण करायला यायचीस आणि जायचीस. आई गेल्यावर अकरा वर्षं भाऊ काय करायचे, तुला माहितीये?"

वडिलांना आम्ही भाऊच म्हणायचो.

"अख्खं गाणं नाही लावायचे. सुई उचलून तेवढ्या जागेवर ठेवायचे. अर्धं मिनिट झालं की पुन्हा उचलायचे, पुन्हा तिथेच. सकाळी दुकान उघडल्यापासून. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि हे टक, टक, टक. मी इथे, याच स्टुलावर, पंख्यांच्या कॉइल भरत बसायचो. अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही बंद करा म्हटलं नाही. कसं म्हणणार? ते गेल्यावर मी तबकडी धुतली, वाटलं टक जाईल. गेली नाही. मग ते साहेब भेटले, म्हणाले आम्ही काढू शकतो. मी म्हटलं काढा. मला ते गाणं एकदा नुसतं ऐकायचं होतं."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून राग मोठा होता. त्याच्याकडे अकरा वर्षांची टक होती आणि माझ्याकडे एक ठिपका होता, तोही त्यानं नळाखाली धरला होता. मला न विचारता. मी हो म्हटलं असतं की नाही हा प्रश्न नाही. कदाचित नसतंच म्हटलं.

"मग ऐकलंस आज नुसतं?" मी विचारलं.

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

त्यानं डोळे पुसले. "मोकळं," तो म्हणाला.

मला तिथे गप्प बसता आलं असतं. त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर बसलेही असते. मी हात पुढे केला आणि टेबलाच्या कडेवर बोट आपटलं. टक. तबकडीचा एक फेरा होईल इतकी थांबले. टक. ते अंतर मोजावं लागत नाही, आमच्या दोघांच्याही अंगात ते लहानपणापासून आहे.

"आज सकाळी तू हे वाजवत होतास," मी म्हटलं. "खुर्चीच्या हातावर. दुसऱ्या कडव्यानंतर सुरू केलंस आणि पुढचं कडवं आलं तसा थांबलास. मला वाटलं याला ताल कळत नाही."

"काहीतरी बोलू नकोस."

"त्यांनी काढली ती सगळी तू परत घातलीस. तुला कळलंसुद्धा नाही."

तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला लागला. मी पुन्हा बोट आपटलं. टक. आणि पुन्हा. चौथ्यांदा उचललं तेव्हा त्यानं टेबलावरून झुकून माझं मनगट घट्ट धरलं, आणि माझ्याकडे न बघता, वडिलांच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत म्हणाला, "बंद करा आता."