अण्णाच्या गाडीचा पंप

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिसऱ्या वर्षी तापातून उठला तो पायांतला जीव गमावूनच. त्याला उचलायचं काम माझ्या अंगात ताकद आल्यापासून माझ्याकडे आलं. बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या घरातून बसथांब्यापर्यंत पाठीवर, मग बसमध्ये चढवायचं, बेळगावात उतरवायचं आणि कोर्टाच्या आवारापर्यंत पुन्हा पाठीवर. तिथं तो टाइपरायटर पुढ्यात घेऊन लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करत बसायचा. त्याला बसवून मी ओतकामाच्या कारखान्यात जायचो. तिथं मी लेथवर होतो आणि रोज उशिरा पोचायचो.

लोक मला श्रावणबाळ म्हणायचे. मला त्या नावाची चीड होती. श्रावणबाळाला आठ तासांची पाळी नव्हती आणि फोरमनही नव्हता. खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. माझ्या लग्नाचं बघत होते, मुलीकडची माणसं घरी येऊन चहा प्यायची आणि अण्णाकडे बघून हळूच विचारायची की ह्यांचं कोण करतं. मी करतो म्हटलं की कपबशी खाली ठेवायची. अण्णा हे सगळं ऐकत असायचा. एका रात्री त्यानं मला सरळ सांगितलं की मला माझं मी कामाला जाता येईल असं काहीतरी कर. त्याला दुसऱ्याच्या पाठीवरून उतरायचं होतं आणि मला पाठ मोकळी करायची होती. दोघांचं मागणं एकच, म्हणून मी कामाला लागलो.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. भंगार बाजारातून एक जुनी मोटारसायकल आणली. मागचं एक चाक काढून तिथं दोन बसवली, पायातलं गिअर आणि ब्रेक हाताशी आणले, टेकायला पाठ असलेली खुर्ची बसवली. अण्णानं गावाबाहेरच्या माळावर पंधरा दिवसांत गाडी शिकून घेतली. एक अडचण होती. इंजिन त्याच्या पायांच्या मधोमध, आणि गरम इंजिनाला पाय लागला तर तो त्याला बाजूला घेता येत नव्हता. म्हणून मी इंजिनाभोवती दोन्ही बाजूंनी आणि पुढून पत्रा मारला. पाय वाचले, पण इंजिनाचा वारा बंद झाला.

मोटारसायकलचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तीन चाकांचं वजन, संथ चाल, त्यात वाटेत नदीकडून वर येणारा चढ. चढ संपायच्या आत इंजिन इतकं तापायचं की पिस्टन पकडायचा, म्हणजे सिलिंडरात अडकून बसायचा, आणि गाडी जागीच गप्प व्हायची. तीन वेळा असं झालं. तिन्ही वेळा मी मागून सायकलवर होतो म्हणून बरं. कारखान्यातले सोबती म्हणाले, भावाला गाडी केलीस आणि स्वतःला ढकलायचं काम वाढवून घेतलंस.

मग पाण्याची कल्पना सुचली. मोठ्या मोटारीचं इंजिन पाण्यावर थंड होतं, तर हे का नाही? सिलिंडरच्या डोक्यावरच्या वारा घेणाऱ्या सगळ्या पात्या मी लेथवर कापून उतरवल्या आणि त्यावर पितळेचं एक बंद खोकं बसवलं. त्यात एका बाजूनं पाणी शिरणार, दुसऱ्या बाजूनं निघणार, मागं खुर्चीखाली तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून फिरून थंड होणार आणि परत येणार. पाणी फिरवायला विजेचा पंप हवा होता. भंगारात पडलेल्या एका मोटारीच्या काचेवर पाणी उडवणारा मुठीएवढा पंप मिळाला. तो कारखान्यात बादलीत टाकून दुपारभर चालवला. तापला, पण थांबला नाही. त्याला चालवायला वेगळी मोटारीची बॅटरी खुर्चीखाली बांधली. ती दर दोन दिवसांनी कारखान्यात नेऊन चार्ज करायची.

नळीचं वेटोळं मात्र मला जमेना. तांब्याची नळी नुसती वाकवली की चपटी होते. शेवटी बेळगावातल्या एका म्हाताऱ्या तांबटाकडे गेलो. त्यानं नळीत वितळलेली राळ ओतली, गार होऊ दिली, आणि मग लाकडी ठोकळ्याभोवती नळी अशी वळवली की कुठं सुरकुती म्हणून नाही. नंतर नळी शेगडीवर धरून राळ वितळवून काढली. देताना त्यानं बजावलं की अजून आत राळ चिकटून असती, धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी निदान चार वेळा फिरव, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडू नको.

मी ते एकदा फिरवलं. रविवारची संध्याकाळ होती, आईनं चुलीवर पातेलंभर पाणी उकळून दिलं, ते नळीतून घातलं, पिवळट बाहेर आलं. आई म्हणाली अजून ठेवू का, मी म्हटलं बास. सोमवारी सकाळी अण्णानं एकट्यानं जावं आणि मी वेळेवर कारखान्यात पोचावं, एवढंच डोक्यात होतं. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर तेच काम केलेलं, आणि मला वाटलं त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं.

सोमवारी अण्णा गेला. चढापर्यंत मी सायकलवर मागून गेलो आणि तिथं हात लावून बघितला, खोकं कोमट होतं. पंपाचा बारीक घुंईघुंई आवाज येत होता. त्या दिवसापासून बारा दिवस अण्णा एकटा गेला आणि एकटा आला. चौथ्या दिवशी उशीर झाला म्हणून आई दारात उभी, तर हा बाजारातून कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई, घेऊन आला. दुकानदाराला गाडीपाशी बोलावून, स्वतः चव बघून, स्वतः पैसे देऊन घेतलेला कुंदा. पस्तिशीला आलेल्या माणसाला त्याचं केवढं अप्रूप! मी त्या दिवसांत फार सुखात होतो, हे लपवून काय करू? सकाळी हात हलवत कारखान्यात जायचो.

तेराव्या दिवशी आमच्याकडे ओतकाम होतं. ज्या दिवशी भट्टी लागते त्या दिवशी लहान कारखान्यात लेथवाला, फिटर, वॉचमन असा भेद राहत नाही, सगळे ओतायला. लोखंड वितळायला लागल्यावर गेट बंद. दहाच्या सुमारास एक सायकलवाला गेटवर निरोप देऊन गेला की तुमच्या भावाची गाडी चढावर बंद पडली आहे. वॉचमननं मला तो निरोप अकराला दिला. तेव्हा माझ्या हातात पळीचा दांडा होता आणि पळीत पाण्यासारखं लोखंड. दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस. मी फोरमनला म्हणालो, जाऊ द्या. तो म्हणाला, जा, पण तुझ्या जागी कोण उभा राहतो ते सांग. कुणीच मोकळं नव्हतं. साचे भरत गेलो, घामाबरोबर डोळ्यांतूनही पाणी आलं, ते कुणाला कळलं नाही. गेट उघडलं तेव्हा एक वाजून गेला होता.

सायकल मारत चढावर पोचलो. रस्त्याकडेला, थोड्याशा सावलीत, अण्णाची गाडी आणि तिच्याभोवती दहा-बारा माणसं. आमच्या भागात प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी कारखान्यात असतं, त्यामुळे यंत्र दिसलं की पाय थबकतात. कुणी वाकून खोक्याला टिचकी मारत होता, कुणी नळी कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवत होता. कानडीत, मराठीत, हिंदीत, तिन्ही भाषांत पंपाचीच चौकशी चालली होती. अण्णा खुर्चीवर ताठ बसलेला, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर अर्जांची फाइल उघडून ठेवलेली. मला बघून लोकांनी वाट दिली.

मी गुडघ्यावर बसलो आणि पंपाला हात लावला. फिरत नव्हता. नळी उपसली, पंपाचं तोंड उघडलं, तर आत तपकिरी, चिकट गोळा. मला एकदम उलगडा झाला. रोज गरम पाण्यानं आतली राळ सुटत सुटत आली होती आणि पंपाच्या चाकात येऊन बसली होती. पाणी थांबलं, इंजिन तापलं, पिस्टन पकडला. मी तो गोळा बोटावर घेऊन भोवतीच्या लोकांना दाखवला. राळ, म्हणालो, साधी राळ. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, तासाभराचं काम आहे. मला फार हलकं वाटलं, कारण दोष माझ्या यंत्राचा नव्हता, फक्त धुण्याचा होता.

"घरी चल," अण्णा म्हणाला. आवाज इतका हळू की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मी त्याच्यापुढे पाठ केली, त्यानं गळ्यात हात टाकले, मी उठलो. आणि माझी कंबर भिजली. तेव्हा कळलं की फाइल मांडीवर उघडून का ठेवली होती. तो जवळजवळ चार तास त्या खुर्चीवर होता. स्वतः उतरायचं तर हातांवर फरपटत जायला लागलं असतं, त्या दहा-बारा माणसांदेखत, इस्त्रीच्या शर्टात. लोकांनी चहा आणून दिला होता. तो कप गाडीच्या पत्र्यावर तसाच भरलेला होता. मी तिथून घरापर्यंत त्याला पाठीवर आणलं.

त्या रविवारी मी गाडी घरी ओढून आणली. नळी सहा वेळा धुतली, पाणी आरशासारखं येईपर्यंत. पिस्टन घासून बसवला, पंप साफ केला. त्या चढावर खाली-वर चार खेपा मारल्या, खोकं कोमटच राहिलं. इतकी चांगली ती कधीच चालली नव्हती. दारात आणून उभी केली आणि अण्णाला म्हटलं, बस. तो बसला नाही. दुसऱ्या रविवारी म्हटलं, तिसऱ्या म्हटलं. आईनं सांगून पाहिलं. पंप डबल करतो म्हटलं, एक बंद पडला तर दुसरा चालेल. तो नुसता टाइपरायटरची फीत बदलत बसला. मी चिडलो. मी म्हणालो, एकदा बंद पडली म्हणून एवढं कोण भितं? पुन्हा बंद पडणार नाही, लिहून देतो.

तेव्हा तो बोलला. रागानं नाही, समजावल्यासारखं.

"गाडी बंद पडली म्हणून न्हाय रं. ती पडतीच, यंत्र हाय. लई माणसं आलती. कोण केली, कितीला पडली, पंप कुठला, समदं इचारलं. तुला खाली उतरायचं हाय काय, असं एकानंबी इचारलं न्हाय. मी म्हटलं, असू दे, परकी माणसं हाईत, माझा भाऊ येतोय." मग त्यानं हातातली फीत ताणून घेतली. "तू आलास आन् पयला हात पंपालाच लावलास."

मला काहीतरी बोलायचं होतं. घाईत होतो, बंद का पडली ते बघायला नको काय, असं काहीतरी. तो फीत लावून पुन्हा टाइप करायला लागला.

गाडी दोन वर्षं दारात उभी राहिली. दर रविवारी मी ती चालू करून बघायचो आणि ती दर रविवारी चालू व्हायची. शेवटी जिथून आणली होती तिथंच, भंगारात दिली. अण्णा आता नाही. त्या दुपारची एकेक गोष्ट मला आजही सांगता येईल. पंप किती गार पडला होता, नळी किती जोर लावून निघाली, राळेचा रंग कसा होता, ती बोटाला कशी चिकटत होती. मी गर्दीतून पुढे आलो तेव्हा अण्णाचा चेहरा कसा होता, हे मात्र मला सांगता येत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं.