घसरता चष्मा

माझे यजमान भिंगं घासायचे. जिन्याखालची खोली हेच त्यांचं दुकान. पायानं फिरवायचं चाक, लोखंडी वाट्या, घासायच्या पुडीचे डबे, आणि सगळ्यावर ओलसर राखाडी थर. ज्या वाटीवर काच घासली जाई, तिचा बाक काचेत उतरे, आणि त्या बाकावर उजेड किती वळणार ते ठरे. "काच जाड म्हणून नंबर मोठा, असं लोक समजतात," ते म्हणत. "नंबर बाकात असतो. जाडी त्याच्यामागून येते."

मी आधी त्यांची गिऱ्हाईक होते. मायनस आठ. मला मोठी फ्रेम हवी होती.

"तुमची काच मध्ये पातळ, कडेला जाड. फ्रेम जेवढी मोठी, तेवढी कड जाड. बाटलीचं बूड लावून फिरणार का?"

मी रागारागानं लहान फ्रेम घेतली. वर्षभरात आमचं लग्न झालं.

सासूबाई एका शिंप्यासाठी घरी बसून काजं करायच्या, तीस वर्षं. मग मोतीबिंदू झाला. तेव्हा ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं भिंगच काढून टाकत आणि त्याचं काम चष्म्याच्या काचेवर सोपवत. दवाखान्यातून दोन्ही बाजूंनी फुगलेल्या काचांचा चष्मा आला.

"अगं, दाराची चौकट वाकलीय," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू एवढी कधी सुटलीस?"

"आई, ही काच सगळंच मोठं दाखवते," हे म्हणाले.

"बायकोची बाजू घ्यायला तुला काचही पुरते!"

हसलो खरे, पण त्यांचा चहा कपाशेजारी ओतला जाई, जिना उतरायला त्या घाबरत, आणि चष्म्याच्या वजनानं दहा मिनिटांत नाकावर वळ उठे. शिंप्यानं दोनदा विचारणा केली. "सांग त्याला, आता मी शोभेची वस्तू," असं म्हणून त्यांनी सुयांची डबी माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी जवळच्या कामाला वेगळा चष्मा सुचवला होता. "नाक एक आणि चष्मे दोन?" विषय संपला.

ह्यांनी तीन आठवडे आईसाठी काच घासली. आतली बाजू जवळजवळ सपाट, फुगवटा सगळा बाहेर. नंबर फक्त मधल्या गोलात, भोवती पातळ कड. वजन निम्मं झालं. चष्मा जागचा हलू नये म्हणून काड्या कानामागे घट्ट वळवल्या.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि कठडा न धरता जिना उतरल्या. "चौकट बरीच शहाणी झाली," म्हणाल्या. मी सुई-दोरा आणून दिला. एकदा, दोनदा, सहा वेळा. दोरा नेढ्याच्या शेजारून जात राहिला.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "जिना दिसतो, तेवढं पुष्कळ."

हे दुकानात गेले. बाक मोजायचं यंत्र काचेवर तीनदा लावून पाहिलं. चूक सापडेना. जेवायलाही वर येईनात.

मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी लावलेल्या सवयीनं मी रोज डायरी लिहिते. आधी तारीख, वार, मग घडलेलं. मला काहीतरी आठवत होतं. पानं उलटली. जुन्या, जड चष्म्याच्या दिवसांतला मंगळवार, अठरा तारीख: "आईंनी उशीची शिवण घातली. दोरा पहिल्या खेपेस ओवला. चष्मा सारखा नाकाच्या शेंड्यावर घसरतो, बोलले तर चिडल्या."

डायरी घेऊन खाली गेले. ह्यांनी ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला.

"फुगीर काच डोळ्यापासून पुढे सरकली की तिचा जोर वाढतो! दोन शिकाऊ पोरांना शिकवलंय मी हे. आणि स्वतःच्या आईचा चष्मा आवळून बसवला!"

काड्या गरम करून त्यांनी सैल केल्या. सासूबाईंनी चष्मा बोटानं शेंड्यापर्यंत ओढला, सुई उजेडात धरली. दोरा आत गेला.

"डबी दे माझी," त्या मला म्हणाल्या. "घेऊन पळालीस ती."

पहिलं काज त्यांनी ह्यांच्याच पांढऱ्या शर्टाला केलं. हाताची सवय मोडलेली, काज जरा अरुंद झालं. मी ते उसवायला निघाले तर ह्यांनी शर्ट ओढून घेतला.

हे जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्या डोळ्यांत आता डाळीएवढं भिंग बसवलंय. दहा मिनिटांचं काम, जाड काचा नाहीत की घसरणं नाही. परवा कपाट आवरताना तो शर्ट निघाला. त्या काजात बटण लावून पाहिलं. अजून दोन्ही हात लागतात.