ब्रदर गाउदेन्सिओचे कच्चे हरभरे

पाद्री होण्याइतकं लॅटिन ब्रदर गाउदेन्सिओला कधी आलं नाही, म्हणून मठाने त्याला स्वयंपाकघरात घातलं. स्वयंपाकही येत नव्हता, पण त्याहून खालची जागाच मठात उरली नव्हती. माझी आई मठाचे कपडे धुवायची. ती म्हणायची, "या बिचाऱ्यांना वेगळा उपास कशाला हवा?"

एकोणीसशे छत्तीसच्या जुलैत देशात यादवी पेटली, आणि क्रांतिवाले पाद्र्यांना गोळ्या घालू लागले. आमच्या तोर्रेसेका गावच्या मठातले बाकीचे सगळे डोंगरापलीकडे पळाले. गाउदेन्सिओ राहिला, कारण एक म्हातारे फादर अंथरुणाला खिळलेले होते. ते आठवड्यात वारले. मग माझा मामा सातुर्नीनो मठात गेला. मामा लोहार, आणि आता गावच्या क्रांती समितीचा प्रमुख. लग्नानंतर चर्चची पायरी चढला नव्हता. पण तापाच्या साथीत गाउदेन्सिओने मामीला रोज रस्सा नेऊन दिला होता. मामी बरी झाली. मामाच्या मते, तो रस्सा परत प्यावा लागू नये म्हणून.

"हे बघ," मामा म्हणाला, "आजपासून तू नुसता स्वयंपाकी. मठात पगारावर होतो म्हणायचं."

"स्वयंपाकी आहेच की मी."

"गावाला ते मान्य नाही, पण असू दे. झगा काढ."

मामाची पँट त्याला घोट्याच्या वर यायची. ती घालून तो शाळेत उतरलेल्या क्रांतीच्या सैनिकांसाठी रांधू लागला. सैनिक कुरकुरायचे. मामा सांगायचा, "पाद्र्यांनी बिघडवलाय त्याला."

ऑगस्टअखेर बार्सेलोनाहून नवा तुकडीप्रमुख आला. हा पूर्वी खाणावळ चालवायचा. त्याने एक हरभरा चावला आणि चमचा खाली ठेवला.

"याला स्वयंपाकाचा पगार कोण देत होतं? खरं सांग, तू कोण?"

"वेडसर आहे हो, सोडा," मामा म्हणाला.

गाउदेन्सिओने हात पुसले. "वेडा नाही. मी मठातला ब्रदर. सातुर्नीनो, माझ्या पायावरचा पाय काढ."

तुकडीप्रमुख तसा वाईट नव्हता. "होतो म्हण," तो म्हणाला. "होतो, आता नाही. एवढं म्हण आणि भाकरी तरी आण."

गाउदेन्सिओने बराच विचार केला. "देवाला शब्द दिलाय," तो म्हणाला. "लॅटिन जमलं नाही, आणि स्वयंपाक तर तुम्ही खाल्लाच. शब्द तेवढा आजवर पाळलाय."

"भित्रा असतास तर बरं झालं असतं," मामा म्हणाला.

"आहे ना. थांब, हरभरे करपतील."

त्याने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि तो सैनिकांबरोबर खळ्याकडे गेला. गोळ्यांचा आवाज आला तेव्हा आई धुण्यावर होती. संध्याकाळी तिने आणि मामाने त्याला तिथेच पुरलं. मामाने समिती सोडली. कारण विचारल्यावर भट्टीत काम फार आहे म्हणाला.

युद्ध संपलं, दुसऱ्या, चर्चच्या बाजूचं राज्य आलं, आणि ब्रदरच्या खुनाबद्दल त्यांनी समितीचा प्रमुख म्हणून मामालाच धरलं. आई त्याच्या बाजूने साक्ष द्यायला शहरापर्यंत चालत गेली. न्यायाधीशांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि मामाला बारा वर्षं.

मामा सुटून आला तोवर खळ्याशी चर्चने दगड बसवला होता. तुरुंगात त्याची नजर गेली होती, म्हणून मी वाचून दाखवलं: ब्रदर गाउदेन्सिओ, रक्तसाक्षी, श्रद्धेसाठी प्राण दिले.

मामाने दगडावरून हात फिरवला, कोपरे तपासले.

"काम बरं केलंय," म्हणाला, आणि घराकडे वळला.