उलटा पंखा

माझी गाडी दोन माणसांची आहे आणि घरात माणूस एकच. भिसेगावातले शेजारी म्हणतात, काका, विकून टाका ना ती. मी म्हणतो, तुमच्या का पोटात दुखतंय? लाल, बुटकी, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार आहे. हल्ली तिच्यात बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. नोकरीत होतो तेव्हा हौसेने घेतली, आणि अंगणात उभी राहिली की रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

बायको चार वर्षांपासून चिंचवडला लेकीकडे असते. नातवाच्या बारशाला म्हणून गेली, ती तिकडेच राहिली. भांडणतंटा काही नाही. रोज फोन येतो, जेवलात का, गोळी घेतलीत का. मी विचारतो, कधी येतेस? ती म्हणते, बघू. त्या 'बघू'चं कारण दोघांनाही माहीत आहे, पण विषय कोणीच काढत नाही.

बारशाच्या सहा महिने आधी तिची आई तळेगावला वारली. सकाळीच तिच्या भावाचा फोन आला. बारापर्यंत थांबतो, तोंड बघायला या, म्हणाला. मी गाडी काढली. आठवड्यापूर्वीच मी स्वतःच्या हातांनी तिच्या रेडिएटरमागे भंगारातून आणलेला इलेक्ट्रिक पंखा बसवला होता आणि आता ही हसत घाट चढेल म्हणून गावभर सांगत सुटलो होतो. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. बायको पदर तोंडाला लावून कठड्यावर बसली, आणि मी रिकामी बाटली हातात धरून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करत राहिलो. तळेगावला पोचलो तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. त्यावर कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. बायकोही नाही.

ती चिंचवडला राहिली आणि माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं. ही गाडी न तापता घाट चढली पाहिजे आणि बायकोला आणायला मी हीच घेऊन जाणार. एकट्या माणसाला असलं काहीतरी लागतंच. एकटं राहणं वाईट असतं हो. कुकरच्या किती शिट्या झाल्या हे विचारायलाही घरात कोणी नसतं.

यंदा थंडीत धीर करून गाडीवरची ताडपत्री काढली आणि खालापूरला एका वायरिंगवाल्याकडे नेली. माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा, तोंडाने फटकळ माणूस. मोठा रेडिएटर, दोन नवे पंखे, पाणी तापलं की पंखे आपोआप चालू करणारा स्विच, सगळंच बदलायचं ठरलं. जुना पंखा काढण्याआधी त्याने तो चालू केला आणि वर्तमानपत्राचं एक पान गाडीच्या पुढून जाळीला लावलं. पंखा हवा आत ओढत असता तर पान जाळीला चिकटून बसलं असतं. ते उडून लांब पडलं. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा उडालं.

"भाऊ, हा उलटा हाय."

"उलटा म्हणजे?"

"हवा आत घ्यायची, तर हा भायेर फेकतोय. गाडी उभी असंल तवर कळायचं नाय. पळाया लागली की फुडनं वारा येतो आन मागनं हा ढकलतो. मधी हवा जागच्या जागी. तापंल नायतर काय करंल? कुणा येड्यानं जोडला हो?"

"होता एक," मी म्हणालो.

अहो, खोपोलीच्या कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल खात्यात काढलेला माणूस मी. वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, हे नव्या मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो. आणि स्वतःच्या गाडीत काळी वायर म्हणजे मायनस असं सवयीने धरून चाललो. त्या पंख्याचं नेमकं उलटं होतं. पाती फिरताना दिसली, आवाज आला, मी खूश! पुढे हात धरून हवा कुठे जाते ते बघितलंच नाही. इतकी वर्षं घाटाला शिव्या दिल्या, उन्हाला दिल्या, गाडीच्या वयाला दिल्या. वायरिंगवाल्याच्या बाकड्यावर बसलो आणि मला रडू आलं. त्याने चहा मागवला.

आठवड्याने गाडी तयार झाली. ती घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी चिंचवडला निघालो. पलसदरीवरून खोपोलीला आलो, घाट लागला, शिंग्रोबापुढे नाणं टाकलं. काटा मध्यावर तो मध्यावरच. बाजूच्या सीटवर वालाच्या शेंगांची पिशवी होती, तिच्यासाठी. मन मात्र ठिकाणावर नव्हतं. सांगावं, की तुला आईचं तोंड दिसलं नाही ते माझ्या हातांमुळे? की काही न बोलता, घरी चल, म्हणावं? न सांगता म्हटलं असतं तर कदाचित आलीही असती. लोणावळ्यापर्यंत माझा विचार तीनदा फिरला.

"अगंबाई! फोन नाही, काही नाही?" दार उघडून ती म्हणाली. लेक-जावई कामावर, नातू शाळेत गेलेला. ती शेंगा घेऊन सोलायला बसली आणि मी सांगून टाकलं. टेबलावर बोटाने वायरी काढून दाखवल्या. "गाडीचा दोष नव्हता," मी म्हणालो. "पंखा मीच उलटा जोडला होता."

ती सोलत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"पंख्यातलं मला काय कळतं?" ती म्हणाली. "मी रेल्वेने जाऊ म्हटलं होतं. दारात उभी राहून दोनदा म्हटलं होतं. आठवतं तुम्हाला?"

मी आठवून बघितलं. दार आठवलं, तिची साडी आठवली, चावी सापडत नव्हती तेसुद्धा आठवलं. ती काही बोलल्याचं आठवेना. होय म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"नाही आठवत," मी म्हणालो.

"तेच तर," ती म्हणाली आणि शेंगांची टरफलं गोळा करून आत गेली.

मग तिने जेवायला वाढलं. भाजी चांगली झाली होती, मी दोनदा घेतली. निघताना दारातूनच, सावकाश जा, म्हणाली. गाडीने वाटेत काही त्रास दिला नाही. मी तिला घरी चल म्हणायला गेलो होतो. ते म्हणायचंच राहिलं, हे घाट उतरून खोपोलीत आल्यावर माझ्या लक्षात आलं.